फॉर्मलिनसोबत सहा वर्षं काम झालं, आता कॅन्सरची जोखीम किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिस्टोपॅथॉलॉजी, म्हणजे शरीरातून काढलेल्या ऊतींचे तुकडे तपासणाऱ्या, लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून सहा वर्षं झाली. रोज ग्रॉसिंगला, म्हणजे तपासणीसाठी नमुने कापण्याला, मदत आणि अधूनमधून फॉर्मलिनमध्ये ठेवलेले मुदत संपलेले नमुने ओतून टाकणं हे तुमचं काम. फॉर्मलिनच्या, म्हणजे फॉर्माल्डिहाइड वायू पाण्यात विरघळवून केलेल्या द्रावणाच्या, कॅनसोबत आलेल्या सुरक्षा माहितीपत्रकावर ‘कॅन्सर होऊ शकतो’ ही ओळ नुकतीच नजरेला पडली. व्यवस्थापनाने हवेची तपासणी करून घेतली, आकडा आला ०.२ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.२ भाग), ‘मर्यादेच्या आत’ असा शेरा पडला आणि फाइल बंद झाली. तुम्ही विचारलंय की जोखीम नेमकी किती, रक्ताची काही तपासणी असते का, आणि पुढच्या वर्षी मूल हवं असेल तर काय करायचं.

कामाच्या जागेवरची हवा मोजणं हाच माझा बावीस वर्षांचा धंदा, म्हणून आधी त्या अहवालाबद्दल बोलतो. तुम्हीच लिहिलंय की हवेचा नमुना ओढणारा पंप दाराजवळच्या स्टँडवर ठेवला होता. मग ०.२ हा आकडा खोटा नसेलही, पण तो तुमचा नाही. तो दाराचा आहे. दार काही नमुन्याच्या बरणीवर वाकून काम करत नाही.

आता माहितीपत्रकावरची ओळ. धोका आणि जोखीम हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो आणि निम्मी घाबरगुंडी तिथूनच सुरू होते. आमच्या कामात हे दोन शब्द वेगळे ठेवावे लागतात. धोका हा पदार्थाचा गुण आहे, तो कॅनमध्ये बंद असतानाही असतो. जोखीम मात्र तुमच्या नाकात किती, किती वेळ आणि किती वर्षं गेलं यावर ठरते. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था, म्हणजे आयएआरसी, हिने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला पहिल्या गटात टाकलं. पहिला गट याचा अर्थ ‘माणसात कॅन्सर होतो याचा पुरावा पुरेसा आहे’ एवढाच. तंबाखूचा धूर, दारू, लाकडाची धूळ, प्रक्रिया केलेलं मांस आणि सूर्यप्रकाश हे सगळे त्याच गटात बसलेले आहेत. म्हणजे हा गट पुराव्याची खात्री सांगतो, कॅन्सर किती जणांना होईल ते सांगत नाही. माहितीपत्रकावरची ओळही त्याच जातीची, धोक्याची. जोखमीचा आकडा आपल्याला वेगळा काढावा लागेल.

पुरावा कसला आहे हे जाणून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उंदरांवरचा एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. दिवसाला सहा तास, आठवड्याचे पाच दिवस, दोन वर्षं त्यांना फॉर्माल्डिहाइडच्या हवेत ठेवलं. १४.३ पीपीएमला जवळजवळ निम्म्या उंदरांच्या नाकात कॅन्सर झाला. ५.६ पीपीएमला दोनशेहून अधिक उंदरांपैकी फक्त दोघांना झाला आणि २ पीपीएमला एकालाही नाही. मात्रा अडीचपट वाढली तर कॅन्सर अडीचपट वाढायला हवा होता. तो दोनावरून शंभरावर गेला. कारण बरंचसं समजलेलं आहे. कमी मात्रेत नाकाच्या अस्तरातली विकरं (एन्झाइम) हा वायू मोडून टाकतात. मात्रा त्यांच्या आवाक्याबाहेर गेली की पेशी मरतात, त्या भरून काढायला उरलेल्या पेशी भराभर विभागतात, आणि डीएनएवर झालेली इजा दुरुस्त व्हायच्या आत पुढच्या पेशीत उतरते. म्हणून या रसायनाच्या बाबतीत मला दिवसाच्या सरासरीपेक्षा उसळ्यांची, म्हणजे थोडा वेळ एकदम वर जाणाऱ्या आकड्यांची, जास्त काळजी वाटते.

माणसांमधला पुरावाही तिकडेच बोट दाखवतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने दहा कारखान्यांतल्या २५ हजारांहून अधिक कामगारांचा अनेक दशकं मागोवा घेतला. नाकामागच्या पोकळीचा, नासाग्रसनीचा कॅन्सर आणि मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कॅन्सर यांचा संबंध एकूण मात्रेपेक्षा सर्वांत उंच उसळीशी जास्त दिसला. मात्र नासाग्रसनीचे बहुतेक रुग्ण एकाच कारखान्यातले निघाले, आणि त्यावर अजून वाद आहे. मृतदेह टिकवण्याचं काम करणाऱ्यांच्या २००९ च्या अभ्यासात कामाची वर्षं वाढतील तसा मायलॉइड ल्युकेमिया वाढताना दिसला. त्याच वर्षी आयएआरसीच्या तज्ज्ञगटाने ल्युकेमियाचा पुरावाही पुरेसा ठरवला, पण अगदी थोड्या बहुमताने. मतं का फुटली? फॉर्माल्डिहाइड आपल्या शरीरातच तयार होतं. कधीही लॅबचं तोंड न पाहिलेल्या माणसाच्या रक्तातही ते लिटरला दोन-तीन मिलिग्रॅम असतं. बाहेरून आलेलं बहुतेक सगळं नाकाच्या अस्तरातच अडकतं. मग ते अस्थिमज्जेपर्यंत पोचतं कसं, यावर सगळ्यांना पटेल असं उत्तर अजून मिळालेलं नाही. माझं मत विचाराल तर, नासाग्रसनीबद्दल मी निश्चित बोलतो, ल्युकेमियाबद्दल ‘खरं असेल असं धरून वागावं’ म्हणतो.

आता तुमचा दिवस मांडू. तुमच्या वर्णनावरून मी आकडे अंदाजाने धरतोय, पण एक्झॉस्ट जेमतेम चालणाऱ्या लॅबमध्ये असे आकडे मी प्रत्यक्ष पाहिले आहेत. ज्या दिवशी नमुने ओतायचे असतात त्या दिवशी २० मिनिटं सिंकवर, तिथे ४ पीपीएम. ग्रॉसिंगच्या टेबलाशी ४० मिनिटं, तिथे २.५. उरलेले सात तास इकडेतिकडे, ०.१. गुणाकार करून मिळवले तर २२२ होतात, त्याला ४८० मिनिटांनी भागलं की आठ तासांची सरासरी ०.४६ पीपीएम.

हा आकडा पास की नापास? कोणाची मर्यादा लावता त्यावर आहे. अमेरिकेच्या ओशाची, म्हणजे कामगार सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेची, मर्यादा ०.७५, १९८७ साली ती १ होती, १९९२ मध्ये खाली आणली. तिथे तुम्ही पास. युरोपीय संघाची ०.३, तिथे नापास. अमेरिकेतल्याच औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेची, एसीजीआयएचची, शिफारस ०.१ ची आहे, तिच्या तुम्ही साडेचार पट वर. एकाच माणसाच्या एकाच दिवसावर तीन निकाल. म्हणून ‘मर्यादेच्या आत’ असं कोणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, कोणाच्या? आणि हे झालं फक्त सरासरीचं. पंधरा मिनिटांची मर्यादा वेगळी असते: ओशाची २, युरोपची ०.६, एसीजीआयएचची ०.३. सिंकवरच्या तुमच्या ४ पीपीएमला यातली एकही मर्यादा पास करत नाही. अहवालात पंधरा मिनिटांचा हवेचा एकही नमुना नसेल तर ही तपासणी अर्धीच झाली.

इथे माझीच एक चूक सांगतो. कामाला लागून थोडेच महिने झाले होते. एका लॅबमध्ये मी तंत्रज्ञांच्या कॉलरला हवेतला वायू टिपणारे मोजमापाचे बॅज लावून दिले, संध्याकाळी गोळा केले, आकडे छान कमी आले, अहवाल दिला. वर्षभराने पुन्हा गेलो तेव्हा दिवसभर एका कोपऱ्यात बसून राहिलो. ओतायची वेळ झाली तशी तंत्रज्ञबाईंनी अंगावर उडू नये म्हणून गळ्यापर्यंतचा प्लास्टिकचा अॅप्रन चढवला. थेट बॅजवर. दिवसातली सगळ्यात वाईट वीस मिनिटं बॅज प्लास्टिकखाली झाकलेला होता. त्यांची काहीच चूक नव्हती, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आदल्या वर्षीही हेच झालं असणार आणि मी त्यावर सही करून बसलो होतो. तेव्हापासून काम सुरू असताना मी जागेवरून हलत नाही.

तर पुन्हा मोजमाप मागा आणि ते असं मागा: हवेचा नमुना कॉलरला, नाकापासून तीसेक सेंटीमीटरच्या आत. फॉर्माल्डिहाइड धरून ठेवणाऱ्या डीएनपीएच या रसायनाचा लेप दिलेल्या सिलिकाच्या नळीतून पंपाने हवा ओढायची आणि नळी प्रयोगशाळेत एचपीएलसी या रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर तपासायची, ही खात्रीची पद्धत. एक नमुना पूर्ण पाळीचा आणि शिवाय ओतताना, ग्रॉसिंग करताना, नवीन द्रावण तयार करताना पंधरा-पंधरा मिनिटांचे वेगळे. हातात धरायचे झटपट आकडा दाखवणारे मीटर मिळतात, पण त्यातले बरेच सेन्सर अल्कोहोलच्या वाफेलाही प्रतिसाद देतात. तुमच्या लॅबमध्ये टिश्यू प्रोसेसिंगचं अल्कोहोल शेजारीच असणार. वाफ कुठून येते हे शोधायला मीटर उत्तम, अहवालात आकडा लिहायला नाही.

‘आता वास जाणवत नाही, सवय झाली’ असं तुम्ही लिहिलंय, त्यावर विसंबू नका. सवय नाकाला झाली आहे, हवा तीच आहे. सुट्टीवरून परतल्यावर पहिल्या सकाळी दार उघडताक्षणी डोळ्यांना काय वाटतं ते लक्षात ठेवा. साधारण अर्ध्या पीपीएमच्या आसपास डोळे चुरचुरायला लागतात, काहींचे त्याआधीच.

आता जोखमीचा आकडा, ज्यासाठी तुम्ही लिहिलंत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, ईपीएने, १९९१ मध्ये वर सांगितलेल्या उंदरांच्या प्रयोगावरून एक गुणक काढला. जन्मभर दिवसरात्र हवेत १ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर फॉर्माल्डिहाइड असेल तर कॅन्सरची जादा शक्यता जास्तीत जास्त लाखात १.३. पुढे २०२४ मध्ये त्यांनी कामगारांमधल्या नासाग्रसनीच्या कॅन्सरवरून नव्याने मूल्यमापन केलं; मी इथे जुना गुणक वापरतो, कारण हिशोबाची रीत समजायला तो पुरतो. ०.४६ पीपीएम म्हणजे सुमारे ५६६ मायक्रोग्रॅम. दिवसभरात श्वासात जाणाऱ्या हवेपैकी निम्मी कामाच्या पाळीत जाते असं धरू, वर्षातले २४० दिवस, आणि ७० पैकी ६ वर्षं. जन्मभरावर पसरलं की हे सुमारे १६ मायक्रोग्रॅम होतात. गुणकाने गुणलं तर लाखात २१, म्हणजे दहा हजारात दोन. तेही रोजच ओतण्याचा दिवस धरून.

जगभरात सरासरी पाच माणसांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी कॅन्सर होतो, म्हणजे दहा हजारात दोन हजार. त्यात तुमच्या सहा वर्षांनी जास्तीत जास्त दोनाची भर पडली. झालेल्या सहा वर्षांसाठी झोप उडवून घेण्याजोगा हा आकडा नाही. पण हेच काम असंच चाळीस वर्षं चाललं तर भर हजारात एकाच्या वर जाते. बेंझिन या रसायनावरच्या खटल्यात १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हजारात एक ही जोखीम शहाण्या माणसाला लक्षणीय वाटू शकते असं म्हटलं होतं. कुठलीतरी रेघ ओढायचीच तर मी ती तिथे ओढतो. म्हणजे झालेल्या वर्षांची फार चिंता नको, पण पुढची वर्षं अशीच जाऊ देऊ नका.

या हिशोबात दोन भोकं आहेत, ती लपवत नाही. एक, तो सरळ रेघेवर चालतो. मात्रा निम्मी, जोखीम निम्मी. उंदरांच्या नाकाने तर वेगळंच दाखवलं. सिंकवरची ४ पीपीएमची उसळी सरासरीत विरघळून जाते, अस्तरात तशी विरघळत नसावी. दुसरं, ल्युकेमिया यात धरलेलाच नाही. म्हणून हा आकडा मी कधी कोणाला नुसता धीर द्यायला वापरत नाही. आधी काय सुधारायचं हे ठरवायला वापरतो. सिंकवरची वीस मिनिटं आणि ग्रॉसिंगची चाळीस सुधारली तर तुमच्या दिवसभराच्या मात्रेतला चार-पंचमांश भाग गेला. उरलेल्या सात तासांसाठी महागडी यंत्रणा लावून फारसं हाती लागणार नाही.

रक्ततपासणीबद्दल: नाही. म्हणजे उपयोगाची अशी नाही. बाहेरून आलेलं फॉर्माल्डिहाइड रक्तात मिनिटभरात निम्मं होतं, आणि शरीराचं स्वतःचं तिथे आधीच भरपूर असतं. लघवीतलं फॉर्मिक आम्ल मोजून देणारे आहेत, पण त्या आकड्यात जेवणाचा वाटा किती आणि लॅबचा किती हे कोणी सांगू शकत नाही. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) दरवर्षी करायला हरकत नाही, पण आजचं सीबीसी ठीक आलं म्हणून पंधरा वर्षांनंतरच्या ल्युकेमियाबद्दल काही कळत नाही. त्यापेक्षा डॉक्टरांना डोळे, नाक, छाती आणि हातांची कातडी दाखवा.

कातडीचं मुद्दाम सांगतो, कारण कॅन्सरच्या भीतीत हे मागे पडतं आणि प्रत्यक्षात माझ्या पाहण्यातल्या लोकांनी काम सोडलं ते बहुतेक याच्यामुळे. फॉर्माल्डिहाइडची अॅलर्जी एकदा जडली की ती जात नाही. मग थेंबभरानेही बोटांना भेगा पडतात, खाज सुटते. हिवाळ्यात फुटतात तशा भेगा सुट्टीत बऱ्या होत असतील आणि कामावर आल्यावर परतत असतील तर पॅच टेस्ट, म्हणजे कातडीवर पट्टी लावून अॅलर्जीची चाचणी, करून घ्या. छातीत घरघर किंवा रात्रीचा खोकला हेही असंच, सुट्टी आणि कामाचे दिवस यांच्याशी जोडून बघायचं. हातमोजे नायट्राइलचे घ्या, आणि एक जोडी दिवसभर चालवायची नाही.

मूल हवं असण्याबद्दल. फिनलंडमधल्या लाकूडकामाच्या कारखान्यांतल्या स्त्रियांवरचा १९९९ चा अभ्यास आहे. जास्त फॉर्माल्डिहाइडमध्ये काम करणाऱ्यांना दिवस राहायला जास्त काळ लागला. हा पुरावा कॅन्सरच्या पुराव्याइतका भक्कम नाही, पण इथे मी पुराव्याची वाट बघत नाही. दिवस राहिल्याचं कळतं तोवर पहिले काही आठवडे उलटलेले असतात, त्यामुळे बदल प्रयत्न सुरू करण्याआधी व्हायला हवा. ओतण्याचं आणि द्रावण तयार करण्याचं काम दुसऱ्याकडे द्यायला सांगा, आणि ज्याच्याकडे जाईल त्याच्यासाठीही ते सुरक्षित करून मगच. त्याच खोलीत झायलीन हे द्रावकही असतं हे विसरू नका. कॅन्सरच्या यादीत ते नाही म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही, पण गरोदरपणात त्याच्या वाफेपासूनही लांब राहायला हवं.

दुरुस्तीत सगळ्यात आधी हवा. फॉर्माल्डिहाइडची वाफ जवळजवळ हवेइतकीच जड असते. ती खाली बसत नाही की वर चढत नाही, झोत नेईल तिकडे जाते. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी ग्रॉसिंग टेबलाच्या पुढच्या कडेला चिकटवा. एक्झॉस्ट चालू करून ती आत ओढली जाते का बघा. मग कोणालातरी दार उघडायला सांगा, शेजारचा पंखा लावायला सांगा. पट्टी तुमच्या चेहऱ्याकडे वळली की कारण सापडलं. मी गेलेल्या एका ठिकाणी एक्झॉस्ट झकास होता, फक्त समोरच्या एसीचा झोत थेट टेबलावर यायचा. एसीची पाती वळवल्यावर आकडा निम्म्यावर आला, खर्च शून्य. टेबल हवा बाहेर न फेकता फिल्टरमधून खोलीतच परत सोडणारं असेल तर फिल्टर शेवटचा कधी बदलला त्याची तारीख विचारा. उत्तर लगेच आलं नाही तर बदललेलाच नाही असं समजा.

नमुने कापण्याआधी पाण्याखाली धरून धुवायचे. ओतायचं काम उघड्या सिंकवर न करता हूडखाली, म्हणजे वाफ ओढून घेणाऱ्या छताखाली, आणि बरणी उलटी करण्याऐवजी झाकणबंद कॅनमध्ये फनेलने. जुन्या नमुन्यांचं कपाटही तपासा. सैल झाकणाच्या शंभर बरण्या रात्रभर खोली भरून टाकतात. मास्क सगळ्यात शेवटी. सर्जिकल मास्क आणि एन९५ मधून वायू आरपार जातो. सेंद्रिय बाष्पाचं साधं कोळशाचं कार्ट्रिजही फॉर्माल्डिहाइड धरून ठेवत नाही, त्यावर फॉर्माल्डिहाइडसाठी असं स्पष्ट लिहिलेलं हवं. चेहऱ्यावर नीट बसतो का याची चाचणी न झालेला मास्क मी मोजतच नाही.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. हाडांचे नमुने तुमच्याकडे डिकॅल्सिफाय होत असतील, म्हणजे कापता यावेत म्हणून त्यांतलं कॅल्शियम काढलं जात असेल, आणि त्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरत असाल, तर फॉर्मलिनमधून काढलेलं हाड न धुता थेट त्यात टाकता का ते उद्याच बघा. फॉर्माल्डिहाइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल एकत्र आले की बिस-क्लोरोमिथाइल ईथर तयार होऊ शकतं. तेही आयएआरसीच्या पहिल्याच गटात आहे, फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी, आणि त्याच्या मर्यादा पीपीएमच्या हजाराव्या भागात मोजतात. हाड आधी वाहत्या पाण्यात नीट धुवा, आणि दोन्ही बाटल्या एका फळीवर ठेवू नका.